अक्कलहुशारीने

इश्पेमिंगच्या मेन स्ट्रीटवर, बेकरीच्या वर,
एकतीस वर्षं माझी पाटी आहे:
मृत्युपत्रं, वारसा, वृद्धांची कायदेशीर कामं.
पाटीतलं एक अक्षर गळालंय.
कुणी तक्रार केली नाही, कारण येणारे ती वाचत नाहीत,
पायऱ्या मोजत येतात.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे
मला तसे कमीच भेटले.
जास्त भेटले रिकाम्या बरणीवरून भांडणारे.
साठी उलटलेल्या दोन बहिणी
आईच्या कॉफीच्या किटलीसाठी न्यायाधीशासमोर उभ्या.
झाकणही नव्हतं तिला.
आणि ताकाला येऊन भांडं लपवणारे:
"सहज विचारतो, घर आत्ताच माझ्या नावावर केलं तर?"
मी सांगते, नर्सिंग होमचं बिल भरण्याआधी
सरकार पाच वर्षं मागचं उकरतं.
आई शेजारीच असते,
पर्सची चेन उघडत, मिटत.

मुलांना मी बाहेरच्या बाकावर बसवते.
दार लावते. मग विचारते:
आज वार कोणता? मुलं किती?
तुमच्या मालकीचं काय काय आहे?
एवढं सांगता आलं की खाली लिहायचं,
राजीखुशीने, अक्कलहुशारीने.
वार माझाही पुष्कळदा चुकतो.

आर्व्हो लाम्पिनेन. फेब्रुवारी. खोली चौदा.
अडतीस वर्षं लोखंडाच्या खाणीत, एक कान कामातून गेलेला.
मी नेमकी त्याच बाजूला खुर्ची ओढली,
मग उठून फिरून आले.
वार बरोबर सांगितला.
मुलगा एक, रॉय, फीनिक्सला. बरोबर.
आणि मालकीचं?
"घर." मी लिहिलं.
"सॉना. मीच बांधलाय, देवदाराचा."
तो जळून सहा वर्षं झाली, फाईलमध्ये विम्याचा कागद आहे.
"होडी." विकलेली.
"मुस्ती." हा कुत्रा.
"हिल्मा," म्हणाला, आणि दाराकडे पाहिलं,
ती तिथे बूट काढत असावी तसं.
"आणि रात्री दोनची खनिजाची गाडी."
ते रूळ उखडले. तिथून आता सायकली जातात.

घर त्याला डेनिस ट्रेलोअरला द्यायचं होतं.
शेजारी. अकरा हिवाळे त्यानेच दारापर्यंतची वाट मोकळी ठेवली.
हे तो स्पष्ट बोलला. दोनदा.
मी पेनाला टोपण लावलं.
वहीत आहे माझ्या अक्षरात:
क्षमता संशयास्पद, सोमवारी पुन्हा भेटणे.
रविवारी तो गेला.

घर रॉयला. कायद्याने, चोख.
त्याने फोनवरच विकायला काढलं.
आवाजात खेद होता, खोटा नव्हता,
मागे कुणीतरी तलावात उड्या मारत होतं.

एप्रिलात डेनिस जिना चढून आला.
मला वाटलं, आता विचारेल.
उत्तर मी महिनाभर घोकलं होतं, कलमासकट.
त्याच्या हातात बर्फाचं फावडं.
"आर्व्होचं आहे. माझ्याकडे राहून गेलं.
यादीत धरायचं असेल ना?"

दांड्यावर दोन जागी लाकूड गुळगुळीत झालेलं.
मी यादी उघडली: घर, बँकेतलं, ट्रक, किरकोळ अवजारं.
मिटली.
"काम संपलं ते," मी म्हटलं.
संपलं नव्हतं. मुदतीला एकोणीस दिवस होते.
"तुम्हीच ठेवा."
"माझं आहे माझ्याकडे," तो म्हणाला,
फावडं भिंतीला टेकवलं,
टोपी कानांवर ओढली आणि पायऱ्या उतरला.
सगळ्या उतरेपर्यंत मी ऐकत होते.

सरोवराकडून बर्फ येतो त्या सकाळी
बेकरीपुढची वाट आता मी काढते.
दांडा माझ्या उंचीला लांब पडतो,
काखेत बोचतो.
बेकरीतली पेग काचेतून हातवारे करते,
पालिकेचा माणूस येईल की!
येईल.
एकदा तिने विचारलं, कुणाचं गं हे एवढं जुनं?
मी तिच्याकडे बघितलं,
आणि वार कोणता ते आठवायला लागले.