सारखेपणाची ढाल

पट संपला. दानीवरची धूळ अजून खाली बसली नव्हती
आणि पंचांनी वही माझ्यापुढं सरकवली:
"यंदा एक ढाल जास्तीची हाये, मॅडम.
सगळ्यात सारख्या पळणाऱ्या जोडीले.
जोरात नाही जी, सारख्या.
घड्याळ तुमच्याच हाती असते, नंबर तुमीच काढा."

चिखलाबोडीच्या शाळेत, सातवीच्या बाकावर
मी तीन हिवाळ्यांचे सेकंद मांडले.

नेवाऱ्यांच्या नव्या गोऱ्ह्यांच्या दोनच धावा.
आठ पॉइंट एकेचाळीस. आठ पॉइंट एकेचाळीस.
देवचंद मडावीच्या म्हाताऱ्या जोडीच्या त्रेसष्ट,
साडेआठच्या आसपास, कधी अलीकडे कधी पलीकडे,
एकदा दानीत कुत्रं शिरलं तेव्हा सरळ अकरा.
आणि लाखनीकडचा एक पाहुणा, एकदाच पळून गेलेला.
त्याचा फरक काढायचा तरी कोणाशी?

खिडकीच्या गजांतून नेवाऱ्यांचा मिथुन:
"आमचा फरक शून्य हाये ना?
शून्याहून कमी काय असते?"

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
शिजला की नाही, एवढं शीत सांगतं.
खडे किती, ते सांगत नाही.
त्यासाठी पंगत उठेपर्यंत जेवावं लागतं.

मग मी असं केलं:
या दानीवरच्या साऱ्या जोड्यांचं मिळून जे डळमळणं,
त्यातलं दहा धावांपुरतं
प्रत्येकीच्या पदरात टाकलं.
मूठ एकच, सगळ्यांना तेवढीच.
देवचंदच्या गंजात ते मीठ कुठल्या कुठं विरलं,
नेवाऱ्यांच्या वाटीत खारट लागलं,
पाहुण्याच्या वाटीत तर मिठाशिवाय काहीच नव्हतं.

कुत्र्याची धाव खोडा म्हणाले. मी खोडली नाही.
कुत्रंही त्या दिवसाचंच होतं.

वर आली इंदू वाघायेची जोडी.
अठ्ठावीस धावा, जवळजवळ प्रत्येक आठ पॉइंट नव्वद,
कधी पहिली नाही, कधी शेवटची नाही,
मीच लिहिली आणि मलाच आठवेना.
इंदू म्हणाली, "आमची? कोणत्या कामासाठी?"
ढाल तिनं पदरानं पुसली
आणि कुठं ठेवायची ते न कळून
छकड्यात, कडब्यावर ठेवली.

देवचंद दुसरा. बिडी पेटवून कुत्र्याला शिव्या देत.
मिथुन सातवा.
"मंग नव्यानं जिंकाचंच नाही का, मॅडम?"
"जिंक ना. आणखी वीसदा पळव,
अन् तेव्हाही असंच पळू दे."
तो गोऱ्ह्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला,
वीस म्हणजे किती पट, किती हिवाळे, ते मोजत.

रात्री वही मिटताना उजवा अंगठा दुखत होता.
तीन वर्षं हाच अंगठा
झेंडी पडली की दाबतो, जोडी सुटली की दाबतो,
थंडीत उशिरा, चहानंतर घाईनं.
त्रेसष्ट धावांतलं डळमळणं
किती बैलांचं, किती माझं?
आणि ते दोन एकेचाळीस,
कदाचित गोऱ्हे सारखे पळालेच नसतील,
मीच दोनदा एकाच जागी चुकले असेन.