रजेतली सुट्टी

रजेच्या अर्जात कारण लिहिलं: घरगुती.
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, सही केली.
पाच दिवस, ठाणे, मैदानी स्पर्धा,
आणि मधला बुधवार मोकळा.
आज शर्यत नाही.

तरी साडेपाचला जाग आली.
लॉजच्या खिडकीतून येऊरचे डोंगर,
फडक्यानं अर्धवट पुसल्यासारखे.
स्टेडियमवर गेलो. फाटकाला कुलूप.
जाळीतून दिसला लाल ट्रॅक, दवानं ओला,
आणि अडथळे एकात एक सरकवलेले,
लग्न उरकल्यावर कार्यालयातल्या खुर्च्या असतात तसे.
वॉचमन म्हणाला, उद्या या.
म्हणालो, माहीत आहे.
आणि उभाच राहिलो आणखी जरा.

मग कचराळी तलाव.
तिथं सकाळची माणसं गोल चालतात,
गुडघेदुखी, जावई, सोसायटीचं पाणी, सगळं घेऊन.
खिशातल्या स्टॉपवॉचकडे हात गेलाच.
माकडटोपीवाल्या एका आजोबांच्या फेऱ्या घेतल्या.
पहिली मोबाईलवर बोलत. दुसरी त्याहून हळू.
तिसरीला मात्र शेवट जोरात केला,
गव्हांकुराच्या रसाचा डबा संपत आला होता.

ती कठड्यावर बसली होती.
छातीवर क्रमांक नाही, म्हणून ओळखायला वेळ लागला.
दोनशे चौदा. रुमिला पावरा, धडगाव.
तीन हजार मीटर स्टीपलचेस.
कालच्या तिच्या फेऱ्या माझ्या वहीत आहेत:
एक बावीस, एक चोवीस, एक चोवीस.
पुढची ओळ कोरी.
पेन माझ्या हातात होतं आणि ती पाण्यात,
तळवे टेकून, चार पायांवर,
आणि बाकीच्या सगळ्या जणी पुढं.
उठली. पळाली. अकरावी आली.
तोवर टाळ्या लांब उडीकडे वळल्या होत्या.

आज पायात रबरी स्लिपर, ढोपराला पट्टी.
शेजारी स्पाइक्स उन्हात वाळत,
जिभा बाहेर काढून.

"काका, केळी कुठं मिळतील हो?"

वीस वर्षं लोकांच्या वेळा घेतोय.
पळणाऱ्यानं आजवर मला काही विचारलं नव्हतं.
"चल, दाखवतो," म्हणालो,
मी, मिरजेचा माणूस, ठाण्यातला तिसरा दिवस.

चालत तरी किती हळू होती!
दोनदा मीच पुढं गेलो, दोनदा थांबलो.
"सुट्टीला पाय उधळायचे नाहीत, सर सांगतात."
डावीकडं शाळा, उजवीकडं पोळीभाजी केंद्र,
पुढं गल्लीत टँकर गळून साचलेलं डबकं,
हातभर रुंद. जास्त नाही.
मी श्वास धरला.
तिनं पाहिलं त्याच्याकडं,
आणि उभ्या रिक्षाच्या पलीकडून
सबंध वळसा घालून आली,
स्लिपर कोरड्या ठेवून.

"तुम्ही इथलेच का?"
"हो."
हसली की नाही, नक्की सांगता येत नाही,
कारण तेवढ्यात समोर पुन्हा तोच तलाव आला,
दुसऱ्या फाटकानं,
आणि फाटकाशीच केळ्यांची हातगाडी,
ती बसली होती तिथून शंभर मीटर.
फार तर एकशे दहा.

सहा घेतली. पाच तिला, एक मला.
सांगायचं होतं,
तिसरी फेरी, पोरी, काय पळालीस.
त्याऐवजी म्हणालो, "जरा कच्चीच दिसतात."
"परवा पाच हजार आहे माझी," ती म्हणाली,
"तोवर पिकतील."
आणि स्पाइक्स उचलून, नाडीला लोंबकळत ठेवून,
निघून गेली त्याच चालीनं.

रात्री शर्ट काढताना कळलं,
खिशातलं स्टॉपवॉच चालूच होतं.
आकडे चार तासांच्या पुढं गेलेले.
कुठं दाबलं गेलं, कठड्यापाशी की डबक्यापाशी,
आठवेना. थांबवलं नाही.

बायकोचा फोन आला.
"कोण जिंकलं आज?"
"आज सुट्टी होती."
"मग रजा कशाला मांडली?"

उत्तर सुचेना.
जिभेवर केळ्याचा तुरटपणा होता अजून.