मात्रेखाली

पुतणीच्या दाखल्याला एक जुना कागद हवा होता, एवढंच.
म्हणून मी दप्तरखान्याच्या पायऱ्या चढलो,
पहिल्यांदा दुसऱ्या शनिवारी, म्हणजे तसाच परत आलो,
मग सोमवारी, डबा घेऊन.

गणबावले मोडी वाचतात चष्मा कपाळावर सारून.
बोट सरकतं, ओळ तुटत नाही,
शब्दाला शब्द आवळलेला, मोळीतल्या उसासारखा.
"सुभाना वल्द रवळू खोराटे, कसबा बावडा,
चित्तेखान्याकडे पाणी घालणार, दरमहा रुपये चार."
हाच, मी म्हटलं. आजोबांचा बाप.
घरात त्याच्याबद्दल एकच वाक्य उरलंय:
पिलेगात गेला.

त्याचाही कागद निघाला. शके अठराशे एकवीस.
"सदरहू इसम भाद्रपदात"
आणि पुढं कसरीनं खाल्लेलं मुगाएवढं भोक.
भोकावर एक मात्रा शिल्लक, पलीकडं "ला".
गणबावल्यांनी कागद खिडकीशी धरला.
मेला असेल. गेला असेल. नेला, असंही होतं.
"आहे तेवढंच वाचतो मी," ते म्हणाले.
भोकातून मला रस्त्यावरचा ट्रॅक्टर दिसला,
उसानं वाकलेला, साखर कारखान्याकडं निघालेला.

सुगी सरली तसा हेळवी आला.
त्याचा आजा बैलावर बसून यायचा, हा मोटरसायकलवर.
बसाप्पानं चोपडी कपाळाला लावली
आणि नाकातून म्हणू लागला आमच्या पिढ्या.
सुभानाचा तातोबा, तातोबाचा दादू,
सुभानाचा मल्लाप्पा, मल्लाप्पाचा...
थांब. मल्लाप्पा कोण?
"धाकटी पाती की ओ. हुक्केरीच्या अंगाला.
माझ्या आज्ज्यानं लिवलंय, पायलीभर जोंधळं घिऊन."
कुणाच्या पोटचा?
बसाप्पानं चोपडी मिटली.
"बायकांची नावं न्हाईत आमच्यात."

दाखला तोवर मिळाला होता.
तरी मी पुन्हा पायऱ्या चढलो.
आठव्या रुमालात तिचा अर्ज सापडला,
दोन महिन्यांचा तटलेला पगार मिळावा म्हणून.
"सुभाना मजकुराची बायको."
नाव विचारावं असं कारकुनाला वाटलं नव्हतं.
पदरी दोन पोरं, घरात दाणा नाही, आणि नवरा
(इथं कागद धड आहे)
"कोठे आहे ते ठाऊक नाही."

पिलेगात गेला.
म्हणजे पणजी खोटं बोलली नव्हती.
आम्हीच ऐकलं ते, जे ऐकायची सवय होती,
आणि तिला जन्मभर बिनकुंकवाची ठेवली.

"खाली सही बघा," गणबावले म्हणाले,
"बाप्याचा नांगर असतो, बाईची बांगडी."
बोरूनं नव्हे, बहुतेक काडीनं काढलेलं,
एका जागी शाई सांडलेलं, हात कापलेलं वर्तुळ.
मी त्यावरून नखही न लागेल असं बोट फिरवलं.
कुठंच फुटलेलं नाही.