एकतिसावा अंगठा

निवतीच्या बंदरात जाळं शिवताना
माणसं पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवतात
आणि ताणून धरतात. शीर उठते, पार गुडघ्यापर्यंत.
हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा
म्हापणच्या एका लग्नाचा अल्बम पोचवायला निघालो होतो.
अल्बम दुसऱ्या दिवशी पोचला.

तेव्हापासून अंगठे.
दीड वर्ष, नुसते अंगठे.
परुळ्याला माझं दुकान आहे : पासपोर्ट, लॅमिनेशन,
पहिल्या वाढदिवसाचे बॅनर. ते पोटाचं.
अंगठे माझे.

रात्री शटर ओढून
वरच्या वळणावर जातो, जिथून टॉवरचा लाल दिवा दिसतो.
स्कूटर स्टँडला लावून एकेक फोटो चढवतो.
पट्टी सरकते, थांबते, सरकते.
खाली दोन ओळी : कुठली होडी, किती वाजता,
भरती की ओहोटी.
नाव नाही. चेहरा नाही.
मालिकेचं नाव 'पकड'.

कुडाळच्या श्रीरंगला अठ्ठावीस हजार लोक बघतात.
तो म्हणाला, "मधी मधी सूर्यास्त टाक रे, गाणा लाव.
आंगठ्यासाठी कोण थांबतलो?"
टाकला एक. भोगव्याचा, नारिंगी, कडेला वाकडा माड.
नऊ हजारांनी बघितला.
कितीतरी जणांनी विचारलं, रूम मिळेल का, एसी आहे का.
दुसऱ्या रात्री एकविसावा अंगठा :
सतरा.
त्यातली तीन माझी बहीणच, वेगवेगळ्या नावांनी.

बंदरावर दाखवले, तर लवू खवणेकरांनी
फोन हातभर लांब धरला.
"माझा तोंड खंय?"
तोंड नाही काका, पकड बघा.
"पकड माका रोज दिसता.
तोंड दिसणा नाय."

अठ्ठाविसावा त्यांचाच.
उजव्या पायाचा, नखाखाली रक्त काळं पडलेलं,
कड फाटून वर आलेली.
मला तेच आवडलं होतं :
काळं नख, निळा नायलॉन,
सकाळी सातचं आडवं ऊन.
उजेड इतका नेमका पडला होता
की काय लागलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

चार दिवसांनी मध्यरात्री निरोप आला,
कुठल्याशा परक्या बंदराबाहेर नांगरलेल्या टँकरवरून.
"ह्यो आमच्या बाबांचो पाय.
करंगळी भायर वळलेली, माका ठाऊक असा.
नखाक काय झाला?
फोनार कायच बोलूक नाय ते."

मी सकाळीच गेलो.
काकांची सुई थांबली.
"कोणाकोणाक दाखवतस रे माझो पाय?"
कोणालाही, मी म्हटलं. अख्ख्या जगाला दिसतो.
"जगाक दाखव.
झिलाक कित्याक दाखवलंस?"

बराच वेळ नुसता दोऱ्याचा आवाज.
एक कुत्रं आलं, बांगड्याचं डोकं घेऊन गेलं.
मग ते उठले, पाण्यात जाऊन डावा पाय धुतला,
टाचेला चिकटलेलं खवलं खरवडून काढलं,
परत येऊन बसले. उजवा वाळूत घोट्यापर्यंत खुपसला
आणि जाळ्याची कड डाव्या अंगठ्यात घातली.
त्या अंगठ्याला सवय नव्हती. कड दोनदा निसटली.
"ह्यो काढ.
आणि लिही, बरो आसय म्हणान."

तो एकतिसावा.
मालिकेतला एवढाच खोटा.
दोर सैल आहे, शीर उठलेली नाही,
जाळं शिवणाऱ्या कुणालाही एका नजरेत कळेल,
आणि त्या घरातला मुलगा
चालायला लागला तो जाळ्यांवरूनच.

खाली लिहिलं :
सकाळी सात दहा, भरती. बरो आसय.
पट्टी सरकली, थांबली, सरकली.

त्या रात्री अठरा, बहीण धरून.
जहाजावरून शब्द काहीच आला नाही,
नुसता एक अंगठा,
पिवळा, वर केलेला.
त्याला पटलं की त्याने ओळखलं,
हे त्या अंगठ्यावरून मला अजून
सांगता येत नाही.