परतावा

तांबाक लोरोकच्या आमच्या घराची जमीन
आम्ही तीनदा उचलली.
एकदा लग्नाच्या वर्षी, वीतभर.
एकदा थोरला शाळेत गेला तेव्हा, गुडघाभर.
तिसऱ्यांदा कर्ज काढून.
तेव्हापासून वुर्यांतो स्वतःच्याच घरात
वाकून शिरायचा.
पंखा मी काढून टाकला,
कारण कधीकधी तो विसरून ताठ उभा राहायचा.

समुद्र दारातून येत नसे.
मोरीतून यायचा, खालून,
माहेरच्या माणसासारखा, न विचारता.
तांदळाचा डबा खाटेवर,
खाट विटांवर,
आणि विटा कशावर, हे कुणी विचारायचं नाही.

मग गुनादी दलाल एकेकाला मोटारसायकलवर बसवून
तेंबालांगला, टेकडीवर घेऊन गेला.
म्हणाला, इथे विद्यापीठ आहे, पोरं येतच राहणार.
समुद्र बुडवतो, बाई, विद्यार्थी बुडवत नाहीत.
हे वाक्य मी अजून ऐकवते भाडेकरूंना,
दोन महिने थकले की.

जमीन म्हाताऱ्या कासिरनची. कसावा, दोन फणस,
आणि मधोमध एक खोलगट जागा, बेडकांची.
पैसे त्याने ओट्यावर बसून तीनदा मोजले,
तिसऱ्यांदा आमच्यासाठी, मोठ्याने.
मग उठता उठता म्हणाला,
पाणी तिथे थांबतं. तेवढं राहू द्या.
आम्ही हो म्हणालो.
वडीलधाऱ्यांना हो म्हणायला काय लागतं?

आता त्या जागी नऊ आणि दहा नंबरच्या खोल्या आहेत.
महिना सात लाख रुपिया प्रत्येकी
(लाख ऐकून दचकू नका,
इथे तेल आणि तांदळात लाख विरघळतात).
पुढचं अंगण सिमेंटचं, बारा मोटारसायकली मावतात.
गुनादी वर्षातून एकदा, ईदला येतो,
चहा पितो, भिंतीवर थाप मारतो
आणि नवा भाव सांगतो,
जणू घराने परीक्षा दिली आणि तो निकाल घेऊन आला.

रात्री गच्चीवरून बंदराचे दिवे दिसतात.
एवढ्या लांबून समुद्र फार सभ्य वाटतो.
वुर्यांतो तिकडे पाठ करून सिगारेट ओढतो.

जानेवारीत एका रात्री पाऊस थांबेचना.
नऊ नंबरची योहाना, माउमेरेची, घाबरून वर आली:
आई, गटार ओरडतंय.
मी म्हटलं, ओरडू दे, उताराचं पाणी आहे,
इथे साचत नाही, हाच तर इथला गुण.
पहाटे नणंदेचा फोन.
सुमिरा खालीच राहिली होती, जुन्या गल्लीत,
तिच्या घराची जमीन अजून दोनदाच उचललेली.
खाटेवर बसून बोलत होती, शांतपणे,
भाजीचा भाव सांगावा तशी:
वहिनी, या वेळी पाणी खारं नाही.
चाखून बघितलं मी.
या वेळी ते वरून आलंय.

मी काहीच बोलले नाही.
भाड्याची वही उघडी होती.
नऊ, दहा. जमा. जमा.
गुनादीने शिकवलेला शब्द त्या पानावर मी स्वतःच लिहिला होता,
परतावा, खाली दोन रेघा मारून.

वुर्यांतो गच्चीवरून आत आला.
दार सात फुटांचं आहे, मी मुद्दाम करून घेतलंय.
तरी वाकला.

काल गवंड्याला विचारलं, अंगणातलं सिमेंट फोडायला किती घेशील?
तो हसला. लोक घालायला बोलावतात, बाई.
मग म्हणाला, चार गाड्यांची जागा जाईल.
मी म्हटलं, आधी एवढंसं फोड, बघू.
घमेल्याएवढं फोडलंय, नळाजवळ.
त्यात काल दुपारी
कुठून कोण जाणे, एक बेडूक बसला होता.
बाकीच्या अंगणाचं
अजून ठरलेलं नाही.