पडेल ते काम

दर मार्चात, पहिल्या शनिवारी,
हाय विकमच्या आमच्या पबमध्ये हा वाद होतो
आणि दर वर्षी तो अँब्रोज डॅग्नलच उकरून काढतो,
दुसरा ग्लास अर्ध्यावर आला की.
मी काउंटरमागे ग्लास पुसतो.
मला विमानांतलं ओ की ठो कळत नाही.

"दोन इंजिनांचं सगळ्यात गुणी विमान कोणतं? बोला."

बोलायचं त्यालाच असतं.
मॉस्किटो! लाकडाचं. आपल्या गावचं.
बंदुका काढा, कॅमेरा बसवा :
शत्रूचं बंदर टिपून जेवायला घरी.
कॅमेरा काढा, बॉम्ब भरा.
बॉम्ब काढा, रडार लावा, सोडा रात्रीच्या शिकारीला.
आणि स्वीडनहून, म्हणतो, बॉम्बच्या कप्प्यात गादी घालून
माणसं आणली आपण,
एका वेळी एक, आडवा,
तोंडावर ऑक्सिजन, उशाशी दिवा, हातात पुस्तक.
कोणतं पुस्तक, ते दर वर्षी बदलतं.

"फर्निचर ते," सेप्टिमस गॉम म्हणतो,
"ब्रह्मदेशाच्या पावसात सांधे उकलले त्याचे."
सेप्टिमस माल्टाला होता, ब्यूफायटरवर फिटर.
त्याचं विमान म्हणजे ओझ्याचा घोडा.
टॉर्पिडो घे म्हटलं, घेतला.
रॉकेटं घे म्हटलं, घेतली.
एकदा डावं इंजिन गेलं
तर उजव्यावर लंगडत आलं, नव्वद मैल, नुसतं पाणी खाली;
पायलटला आम्ही उचलून काढला,
रडर दाबून दाबून त्याचा पाय
मांडीपासून दगड झाला होता.
"उरलेल्या इंजिनाला विचारा," सेप्टिमस म्हणतो,
"गुणी कोण ते."

उलरिख हेन्झेल बोलत नाही सहसा.
कैदी म्हणून आला, बटाटे खणले, इथलाच झाला,
आता गिलेटच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय कातत असतो.
या वर्षी अँब्रोजने त्याला कोपराने ढोसलं :
तुमचं युंकर्स काय वाईट होतं?

"नाही," उलरिख म्हणाला. "चांगलं होतं.
तुमची दोन्ही करायची ते सगळं करायचं.
सूर मारायचं, रात्री शोधायचं, जहाजं बुडवायचं.
नाही म्हणायचं नाही.
म्हणून शेवटच्या हिवाळ्यात त्याचं नाक कापलं,
नाकाच्या जागी स्फोटकं बसवली,
पाठीवर एक छोटं विमान बांधलं.
वरच्याने न्यायचं, नेम धरायचा, सोडून द्यायचं.
आत कुणी नको होतं.
पायलटची खुर्ची मी काढली.
पटकन निघाली.
पडेल ते काम करणाऱ्याला
एक दिवस हे काम पडतं."

कुणीतरी खोकलं.
अँब्रोजने ग्लासच्या तळाशी पाहिलं,
तिथे मॉस्किटोबद्दल अजून एखादा मुद्दा आहे का.

मग हेस्टर प्लमरिज,
जिला या वादात कुणी कधी विचारलं नाही,
विणकामाच्या सुया पिशवीत टाकत म्हणाली :
"मी डिंक लावायचे.
शेंगेच्या दोन टरफलांसारखं यायचं ते पुढ्यात,
अर्धं एकीकडे, अर्धं दुसरीकडे,
पोटात सगळ्या तारा-नळ्या उघड्या.
मग मिटायचं.
नवीन काही शिकावं लागलं नाही रे आम्हाला,
तोच लाकूडभुसा, तेच शिकंजे, फोरमनही तोच.
फक्त, खुर्ची कुठे जाणार
ते आम्हाला ठाऊक असायचं."

सेप्टिमस उठला, लघवीला म्हणून,
आणि त्याची खुर्ची डुगडुगली,
जशी ती पाच वर्षं डुगडुगते आहे
आणि मी दुरुस्त करतो म्हणतो आहे.
उलरिखने गुडघा टेकला.
बिअरचं पुठ्ठ्याचं बस्कर चौघडी करून
मागच्या डाव्या पायाखाली सरकवलं,
तळव्याने दाबून पाहिलं,
पुन्हा काढलं, एक घडी उलगडली, पुन्हा सरकवलं.

"झालं?" अँब्रोजने विचारलं.
"थांब," तो म्हणाला. "त्याला बसू दे."