निरोप्या

पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही.
व्यायामशाळेतल्या गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या,
पत्ते पिसले, एकेकाच्या कपाळाला एकेक चिकटवला.
स्वतःचं पान कुणालाच दिसत नव्हतं;
समोरच्याच्या नजरेवरून ओळखायचं
आपण राजा की दुर्री.
पाच मिनिटांत थेमेलिनाची मान ताठ झाली,
लोक वाकत होते म्हणून.
पाच मिनिटांत मिखालिसचे खांदे पडले.
"बाई, माझं काय आहे?"
"तुला कळलंय."
चौकट तिर्री होती.

नाटक अडीच हजार वर्षांचं.
मुलांच्या मते त्यात काही घडतच नाही;
सगळे मरतात, पण दाराआड,
मग कुणीतरी येतो आणि लांबलचक सांगत बसतो.
"दाखवत का नाहीत?" पांतेलिस म्हणाला.
त्याच्या फोनमध्ये रोज माणसं मरतात, रंगीत.
मला उत्तर सुचलं नाही,
म्हणून खेळ सुचला.

कालिम्नोसच्या बंदरापासून आमच्या शाळेपर्यंत
दोनशे बारा पायऱ्या.
खाली जायचं, मी लिहिलेली चिठ्ठी वाचून फाडायची,
पळत वर यायचं
आणि धाप ओसरायच्या आत सांगायचं:
कोण गेलं, कसं गेलं, तू काय पाहिलंस.
वर खुर्चीत थेमेलिना. राणी.
तिने फक्त ऐकायचं.

मिखालिसने तलवारी परजल्या, किंकाळ्या फोडल्या;
राणीला हसू आवरेना.
सेवास्तीला चिठ्ठी तोंडपाठ होती,
स्वल्पविरामांसकट.
पांतेलिस वाटेत अंजिराच्या झाडाखाली थांबला असावा,
तोंड पुसत आला, म्हणाला,
"राजपुत्र गेला. ऊन फार आहे."

मग स्तामातिस.
वर्षभर ज्याने तोंडातून ब्र काढला नाही,
हजेरीलाही नुसता हात वर करतो, तो.

तो पळत आला नाही.
खिडकीतून मला दिसत होता,
एकेक पायरी चढताना,
पोहोचायचंच नसल्यासारखा.
दारात त्याने बूट काढले.
(का, ते मी अजून विचारलेलं नाही.)
राणीला म्हणाला, "आधी पाणी प्या."
आपली बाटली तिच्या हातात दिली.
ती प्यायली. त्याने झाकण लावलं,
घट्ट, नीट, फिरवून.
"होडी आली आहे," म्हणाला.
"तुमचा मुलगा होडीत आहे.
घाई करू नका.
आता घाई नाही."

माझ्या चिठ्ठीत होडी नव्हती.
मी लिहिलं होतं: तलवार.

या बेटावर स्पंज काढायला गेलेल्यांपैकी
काही लंगडत परतले, काही दुसऱ्यांच्या खांद्यावरून,
आणि प्रत्येक वेळी
कुणा ना कुणा पोराला पुढे धाडलं गेलं असेल,
तू जा, तुझे पाय तरणे आहेत.
हे मला माहीत होतं.
माहीत असूनही मी त्याला खेळ म्हटलं होतं.

निरोप द्यायला आलेला तो
निरोप घ्यायचं विसरला, तिथेच उभा राहिला.

थेमेलिना उठली.
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
नाटकातली राणी इथे एक शब्दही न बोलता आत जाते;
त्या पानापर्यंत आम्ही पोहोचलोच नव्हतो.
ती उठली आणि आत गेली.
आत म्हणजे गाद्यांच्या मागे,
जिथे हवा गेलेले चेंडू आणि व्हॉलीबॉलची फाटकी जाळी असते.

घंटा झाली.
पुढचा तास नववीचा, कोलांट्यांचा.
गाद्या खाली घालायला हव्या होत्या,
कुणी हात लावेना.
पांतेलिस त्यांच्याकडे बघत होता,
दाखवा म्हणाला नाही.

"बाई," मागून आवाज आला, "येऊ का बाहेर?"

मी स्तामातिसकडे पाहिलं.
तो खाली बसून बुटाच्या नाडीची गाठ सोडवत होता,
आणि गाठ काही सुटत नव्हती.